आरशाला टांगलेला बल्ब

भावसिंग काका फोनवर बोलत नसत, फोनला हाका मारत. पुणं लांब आहे आणि लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं, एवढाच त्यांचा हिशेब. दर रविवारी अकरा वाजता आमच्या एस.टी.डी. बूथवर घंटी वाजली की बाबा रिसीव्हर उचलून "हां वैनी, बोलावतो" म्हणायचे आणि मला खुणवायचे. मी दारातून ओरडायचे, "काकाऽ, पुणं!" समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जीप उभी असायची. तिच्यातून आधी पाय बाहेर यायचे, मग पोट, मग पक्कड. हात पुसायला चिंधी घेऊन निघत, पण रस्ता ओलांडेपर्यंत पुसायचं विसरत. आमच्या पांढऱ्या रिसीव्हरवर त्यांच्या चार बोटांचे काळे ठसे कायमचे बसले होते.

मग सुरू.

"हॅलोऽऽ! हां! मीच! मी न्हाई तर कोन?... बराबर हाय!... जेवलो!... अगं बराबर हाय म्हनलं ना!... मुन्ना कसा हाय?... दात? किती?... दोन! हां हां हां!... काय?... काहून? कशाला येतीस? हितं सगळं बराबर हाय!... ठिवू?... ठिव."

हे मला तोंडपाठ होतं. पोट पुढं काढायचं, डाव्या कानात बोट घालायचं आणि 'बराबर हाय' म्हणताना मान अशी हलवायची की पलीकडच्याला दिसतेच आहे. कॉलेजात पोरी हसून लोळायच्या. पण एक गोष्ट मी नकलेत घेत नव्हते. "ठिव" म्हटल्यावर काका स्वतः रिसीव्हर ठेवत नसत. पलीकडून फोन कटल्याचा टूं-टूं सुरू व्हायचा, तो ऐकत उभे राहायचे. बाबा पेपरात डोकं घालायचे. मी पेन शोधायला लागायचे.

पलीकडे असायची पेमा काकू, त्यांची बायको. आमचा रिसीव्हर इतका खणखणीत की तिचं बोलणं बाकावर बसलेल्यालाही ऐकू यायचं. ती त्यांच्या तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत बोलायची. काका मात्र उत्तर मराठीत द्यायचे. घरात दोघं गोरमाटीच बोलत, पण फोनवर काकांना मराठीच लागायची. बूथवरच्या सगळ्यांना कळावं ना, की सगळं बराबर आहे! माझी मैत्रीण निलम तांड्यावरची, तिच्यामुळं मला ती बोली कळायची. काकू दर रविवारी शेवटी एकच विचारायची, "मी येऊ का?" आणि काका दर रविवारी विचारायचे, "काहून?"

काकूनं परत यावं असं काकांना किती वाटतंय, हे आखाडा बाळापूरच्या सगळ्या चौकाला माहीत होतं. फक्त पुण्याला माहीत नव्हतं.

भावसिंग काका सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. पोरपणी तांड्यावर जीप आली की बाकीची पोरं टायरामागं पळत, हे दिव्यामागं पळत, असं काकू सांगायची. पुढं नांदेडला एका वायरिंगवाल्याकडं आठ वर्षं काढली आणि एक्क्याण्णव साली आमच्या समोर शेड टाकलं. गाड्यांचे दिवे, हॉर्न, पंखे, टेप. जिथं वायर तिथं भावसिंग. नांदेड ते हिंगोली धावणाऱ्या जीपवाल्यांना त्यांचं नाव पाठ होतं, आणि कुठली वायर कुठं जाते हे ठाऊक असलेलाही हाच एक माणूस होता.

कारण आमच्याकडच्या गाडीत रंगावरून वायर ओळखायची सोय नाही. कंपनीनं दिलेले रंग टिकतात पहिला उंदीर आत शिरेपर्यंत. त्यानंतर दुकानात ज्या रंगाची गुंडाळी असेल त्या रंगाची वायर. एका वर्षी काकांकडं नुसती पिवळीच होती, तर त्या वर्षीच्या सगळ्या जीपा आतून हळदीच्या. कुणी नवखा ड्रायव्हर "काका, लाल वायर बॅटरीची असती ना?" म्हणाला की काका म्हणायचे, "रंग इसर. बलब काय म्हन्तो ते बघ."

बल्ब म्हणजे त्यांचा टेस्टर. इंडिकेटरचा एक छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी. एक टोक गाडीच्या बॉडीला लावायचं, दुसऱ्या टोकाच्या सुईनं संशयित वायरीला टोचायचं. आत वीज असेल तर बल्ब लागतो. पण एवढ्यानं भागत नाही. स्टेअरिंगच्या खाली चावीच्या मागं चार-पाच वायरींचा झुबका असतो, आणि चावी फिरवल्याशिवाय त्यातली कोणती कोण ते कळत नाही. म्हणजे एक माणूस खाली, डोकं पायाच्या जागेत आणि पाय दाराबाहेर. दुसरा वर, चावीवर.

हा दुसरा माणूस टिकत नव्हता. पहिला पळाला, दुसऱ्यानं टेप पळवला. एक दिवस काकू डबा घेऊन आली तेव्हा काका खालूनच म्हणाले, "बस वर. चावी फिरव." ती बसली, ती पुढची चौदा वर्षं.

बल्ब तिच्या मांडीवर असायचा. काकांचं तोंड वायरींकडं, त्यांना बल्ब दिसायचा नाही. म्हणून ती सांगायची. दोघांची चार सांगणी ठरलेली होती, आणि ती मराठीत, कारण ड्रायव्हरलाही कळायला हवं. चावीला हात लावायच्या आधीच बल्ब लागला, तर ती म्हणायची, "लागलेलाच!" ही थेट बॅटरीची वायर. चावी फिरवल्यावर लागला आणि सेल्फ मारला, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर चालवली, तरी लागूनच राहिला, तर "ऱ्हायला!" हिच्यावर इंजिन चालतं. चावीवर लागला, सेल्फ मारताना विझला आणि परत लागला, तर "गेला-आला!" ही पंख्याची आणि टेपची. आणि फक्त सेल्फ मारतानाच क्षणभर लागला, तर "आला-गेला!" ती खुद्द सेल्फची.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून ऐकत आले. आधी बांगड्यांचा आवाज, खळ्-खळ्, दोनदा. मग, "लावू का वो?" खालून, "लाव." मग चावीचा टक. मग गाणं म्हटल्यासारखं, शेवटचं अक्षर वर उडवून, "गेलाऽ-आलाऽ!"

बाई गाडीत बसते म्हणून पहिल्यांदा ड्रायव्हर फार खिदळले. एकजण म्हणाला, "भावसिंग, ध्यान ठिव, बाई गाडी घिऊन पळंल एखांद्या दिशी."

काकू आतूनच म्हणाली, "पळवायचीच झाली तर तुमची खटारा काहून पळवू? यष्टी पळवीन की. बसायला तरी जागा व्हईल."

तो ड्रायव्हर पुढं कायम "यष्टीवाल्या वैनी" म्हणायचा.

दोन हजार पाच साली त्यांच्या मुलाला, ओमप्रकाशला मूल झालं. ओमप्रकाश भोसरीला कंपनीत, सून पुजाही कामावर जाणारी. काकू गेली ती बारशापुरती. "बारसं झालं की येते." बारसं झालं. मग पुजाची सुट्टी संपली. मग मुन्ना रांगायला लागला, मग घरात कुणीतरी हवंच झालं. दोन वर्षं झाली.

काकांनी चावीवर दुसरं कुणी बसू दिलं नाही. एकदा माझे बाबा बसले होते मदतीला.

"संतराम, लागला का?"

"लागलाय वाटतं."

"वाटतं म्हंजी? बलब हाय का पाव्हना हाय? लागला का न्हाई लागला?"

"ऊन हाय ना डोळ्यावर... हां, आता गेला बहुतेक."

"उतर. उतर तू. मपलं मी बघतो."

तेव्हापासून काकांनी एकट्याची रीत काढली. बल्ब गाडीतल्या आरशाला बुटाच्या नाडीनं टांगायचा. सुईऐवजी दातेरी चिमटा. खाली शिरायचं, चिमटा एका वायरीला लावायचा, बाहेर यायचं, सीटवर बसायचं, चावी फिरवायची, आरशाकडं बघायचं. उतरायचं. परत खाली. एका वायरीला जे काम पूर्वी एका 'गेला-आला'त व्हायचं, त्याला आता दोन वेळा वाकणं आणि दोन वेळा उठणं. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कटकट वाजायचे. ते गुडघेही मी नकलेत घेतले होते, जिभेनं.

आणि एक दिवस मी फार शहाणपणा केला. दुपारची वेळ, चौक झोपलेला, काका एका जीपच्या स्टेअरिंगखाली डोकं घालून. मी आईच्या बांगड्या घालून हळूच दुसऱ्या बाजूनं गेले. खिडकीशी हात नेला. खळ्-खळ्, दोनदा. मग काकूच्या आवाजात, "लावू का वो?"

खालून लगेच आलं, "लाव."

इतकं सहज, की दचकले मीच. मला वाटलं होतं दचकतील, डोकं आपटतील, शिवी देतील, मग आपण हसू. काहीच नाही. पाय तसेच शांत. मग थोड्या वेळानं पाय जरा हलले, आणि मग फारच वेळ हलले नाहीत. बाहेर आले तेव्हा मी बूथच्या दारात उभी होते आणि बांगड्या ड्रेसच्या खिशात कोंबत होते. काका म्हणाले, "चांगलं येतंय तुला, पुनम. एकदम बराबर." आणि डब्यातलं पाणी तोंडावर मारून परत खाली गेले.

त्या दिवसापासून काकूची नक्कल मी बंद केली.

दोन हजार सातच्या एप्रिलात वसमतकडचे रामकिशन कदम आले. हळदीचे मोठे शेतकरी, आवाज त्याहून मोठा. माणूस समोर उभा असला तरी शेताच्या दुसऱ्या बांधावर आहे असं समजून बोलायचे. त्यांच्या हातात एक खोका होता.

"भावसिंगाऽ! ह्ये बघ काय आनलं! भाच्यानं अमेरिकेहून धाडलं! रिमोट! टीव्हीचा न्हाई रे, गाडीचा! बटन दाबलं की गाडी सुरू! आत मानूस नको, चावी नको, काही नको!"

काकांनी खोका उलटापालटा केला. "मानूस नको?"

"न्हाई नको! आपन सावलीत उभं ऱ्हायचं, बटन दाबायचं, यशी चालू, गाडी थंडगार, मग जाऊन बसायचं! पुढल्या महिन्यात मेहुनीचं लगीन हाय कळमनुरीला. सगळ्या पाव्हन्यासमोर दाबनार मी बटन. तव्हर बसवून दे."

"मानूस नको," काका परत म्हणाले, पण हे ते खोक्याला म्हणत होते.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती आणि मी बारावी सायन्सला, म्हणून ती वाचायला मी. खोक्यातून रंगीबेरंगी वायरींचा गुच्छ निघाला होता. प्रत्येकीचं काम पुस्तिकेत होतं: लाल बॅटरीला, गुलाबी इंजिनाच्या वायरीला, नारिंगी पंख्याच्या, जांभळी सेल्फच्या. रंगाला रंग जोडला की झालं, अशी अमेरिकेची कल्पना. कदमांच्या गाडीत स्टेअरिंगखाली हात घालून काकांनी झुबका बाहेर ओढला. तीन काळ्या, एक कधीकाळची पांढरी आणि एक, माझी शप्पत, पिवळी.

"ही मपलीच," काका पिवळीला म्हणाले, जुना ओळखीचा भेटल्यासारखे. "पुस्तक ठिव बाजूला. बलब टांग."

दोन दिवस लागले. खाली, वर, चावी, आरसा, खाली. पिवळी "लागलेलाच" निघाली. काळ्यांपैकी एक "ऱ्हायला". दुपारच्या उन्हात बल्ब दिसेना, तेव्हा काचेवर पोतं टाकून त्या अंधारात बघत बसले. सेल्फ मारला की बल्ब विझायचा आणि परत लागायचा, आणि काका सीटवर एकटेच, कुणालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणायचे, "गेला-आला." मी समोर पुस्तिका धरून उभी, म्हणून मला ऐकू आलं. शेवटचं अक्षर ते वर उडवत नव्हते. ते त्यांना जमत नसावं.

सगळ्या जोडल्या. एक उरली. काळी, तिच्यावर पांढरी रेघ.

"ही कशाची?"

मी वाचलं. "सेफ्टी. काका, हे म्हन्तंय की ही हँडब्रेकच्या स्विचला लावा. हँडब्रेक ओढलेला असंल तरच गाडी सुरू व्हईल."

काका हसले. खूप दिवसांनी हसले. "हँडब्रेक! बाळापुरात कुनाचा हँडब्रेक लागतो, सांग बरं?"

खरं होतं. आमच्याकडं हँडब्रेक ही दोरी ओढायची गोष्ट आहे, गाडी थांबवायची नाही. त्याची तार ढिली झाली की कुणी नीट करत नाही. गाडी उभी करायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि पुढच्या चाकाखाली दगड सरकवायचा. प्रत्येक ड्रायव्हरच्या पायाखाली त्याचा त्याचा दगड असतो. कदमांचा तर रंगवलेला होता, पांढरा.

"मारून द्या बॉडीला," मी म्हटलं. मीच म्हटलं. वायर बॉडीला जोडली की रिमोटला वाटतं, ब्रेक ओढलेलाच आहे.

"व्हय. उगाच जास्तीची वायर हाय."

शनिवारी संध्याकाळी काकांनी बटण दाबून बघितलं. गाडी त्यांच्या शेडमध्ये, गिअर मोकळा, कारण दोन दिवस सेल्फ मारायचा म्हणून त्यांनी तो मोकळाच ठेवला होता. सुरू झाली. बंद केली. परत दाबलं, परत सुरू. पंखा फिरला. आत कुणी नाही आणि गाडी घरघरते आहे. काका जरा लांब उभं राहून बघत होते. वर-खाली करायला लागलं नव्हतं, गुडघे वाजले नव्हते. तरी चेहरा असा, की कुणीतरी न विचारता आपल्या जागी बसलं आहे.

रविवारी सकाळी कदम आले. आधी गाडी घेऊन एक चक्कर मारून आले, मग शेडसमोरच्या लिंबाखाली लावली, तोंड शेडकडं. रोजच्या सवयीनं गिअरात टाकली, उतरून पांढरा दगड चाकाखाली सरकवला, कुलूप लावलं. काका शेडमध्ये लाकडी खोक्यावर बसून उरलेल्या वायरी गुंडाळत होते. अकरा वाजले. घंटी वाजली.

"काकाऽ, पुणं!"

ते उठून आले. हात पुसायचं विसरले.

"हॅलोऽऽ! हां! मीच!... बराबर हाय!... जेवलो!..."

चहाच्या टपरीपाशी कदमांनी आठ-दहा माणसं गोळा केली होती. त्यांचा आवाज बूथच्या काचेतून आत आला. "बघाऽ! आत कोनी हाय का? न्हाई ना? आता बघाऽ!"

"...बराबर हाय म्हनलं ना! मुन्ना..."

घर्र. गाडी मानेला हिसका दिल्यासारखी पुढं उडाली. घर्र, अजून एक उडी. दगड ओलांडला. मग इंजिन लागलं आणि ती, आत कुणी नसताना, कुठं जायचं ते नीट माहीत असल्यासारखी, सावकाश शेडमध्ये शिरली. पुढचा खांब वाकला. पत्रा खाली आला. लाकडाचा कडाड् असा आवाज आला, आणि मग गाडी गचका खाऊन बंद पडली.

"आरं आरं आरं! बंद कसं करायचं रं ह्ये! भावसिंगा! कोंचं बटन?"

रिसीव्हर लोंबकळत सोडून काका धावले. बाबा धावले. मी बूथमध्येच राहिले, कारण लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून काकू ओरडत होती, "काय पडलं? अवो! काय पडलं?" मी उचलून म्हटलं, "काकू, कुनाला काही झालं न्हाई. फोन ठेवू नका." हे मी बघून म्हटलं नव्हतं.

पण खरंच कुणाला काही झालं नव्हतं. तो लाकडी खोका मात्र बंपर आणि भिंतीच्या मधे चिपाडासारखा झाला होता. वायरीची गुंडाळी त्यातून बाहेर आली होती. काका खोक्याकडं बघत उभे राहिले. माणसं बोलत होती, कदम आपण कसे निर्दोष आहोत ते सगळ्या बांधाला सांगत होते. काका वळले आणि रस्ता ओलांडून परत आले. रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"बराबर हाय," म्हणाले.

"काय पडलं?"

"काही न्हाई. गाडी जरा सरकली."

"कोन बसलं व्हतं आत?"

"कोनी न्हाई."

"कोनी न्हाई तर सुरू कशी झाली?"

काकांनी सांगितलं. रिमोट, बटण, मेहुणीचं लग्न, दगड. आणि सांगता सांगता, दोन वर्षांत पहिल्यांदा, बूथवरच्या फोनवर ते गोरमाटीत आले. आवाजही खाली आला. पुणं एकदम जवळ असल्यासारखा.

काकू म्हणाली, "गिअर कोनी हालवून बघितला व्हता?"

"गिअर?"

"चावीला हात लावायच्या अगोदर. मी बसले की पयले गिअर हालवायची. हिकडं-तिकडं, दोनदा. मोकळा हाय का बघायला, न्हाई तर सेल्फ मारला की गाडी उडी घेती. तुमचे पाय बाहेर असायचे ना, चाकापाशी."

काकांनी काचेतून शेडकडं बघितलं.

"चौदा वर्सं," काकू म्हणाली. "तुमाला दिसत न्हवतं. आवाज तरी येत असंल."

खळ्-खळ्. दोनदा. मी तो आवाज इतकी वर्षं काढत आले होते. मला वाटायचं ती काकूची सीटवर ऐटीत बसायची तऱ्हा आहे. आईच्या बांगड्या घालून जीपच्या खिडकीशी हात हलवला होता, तो हवेत.

"येत व्हता," काका म्हणाले. मग भिंतीकडं तोंड केलं. तिथं आमचं दरपत्रक चिकटवलेलं आहे, ते वाचत असल्यासारखे. "पेमा. माझ्याच्यानं एकट्यानं न्हाई होत. तू ये."

बाहेर पत्रा ओढल्याचा आवाज येत होता. पलीकडं मुन्ना काहीतरी बडबडत होता, ते ऐकू आलं.

"दोन वर्सं दर आइतवारी इचारलं," काकू म्हणाली. "तवा म्हनलं असतं तर मी दुसऱ्या दिशी निघाले असते. आता ह्याला सोडून कशी येऊ? रात्री माझ्याबिगर झोपत न्हाई. जूनमधी बालवाडीत टाकायचं हाय, पुजाची पाळी सकाळची." मग म्हणाली, "दिवाळीला येते. आठ दिस."

"बरं."

"जेवला का खरंच?"

"न्हाई."

"जेवा मग."

ह्या वेळी काकांनी टूं-टूं ऐकला नाही. स्वतःच ठेवला.

शेड उभं करायला कदमांनी बल्ल्या आणि माणसं पाठवली, खोकाही नवीन आणून दिला. काकांनी एका मेकॅनिकला बोलावून त्यांच्या गाडीचा हँडब्रेक आधी खरोखरचा केला. मग ती रेघवाली काळी वायर बॉडीवरून सोडवली आणि ब्रेकच्या स्विचला नेली. ब्रेक ओढायचा आणि गिअर मोकळा करायचा, तेव्हाच उतरायचं, असं कदमांकडून तीनदा म्हणवून घेतलं. लग्नात कदमांनी सगळ्या पाहुण्यांसमोर बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मेहुणी हसली म्हणे. सोमवारी कदम चौकात येऊन ओरडले, "भावसिंगाऽ! इज्जत गेली माझी!"

"ब्रेक वढला व्हता का?"

"...ब्रेक?"

"दगड ठिवला असंल."

कदमांनी दगडाकडं बघितलं आणि चहा मागवला.

दिवाळीला काकू आली. आठ दिवसांत वायरिंगची तीनच कामं आली, दोन जीपा आणि एक टेम्पो. तिन्ही वेळा मी बूथ सोडून दारात उभी होते. नवव्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.नं गेली. काकांनी बल्ब परत आरशाला टांगला.

पण आता त्यांच्याकडं मोबाईल आहे, जुना, ओमप्रकाशचा. आमच्या बूथवर ते येत नाहीत. जीपमध्ये बसतात, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल धरतात, चावी फिरवतात आणि आरशाकडं बघून पुण्याला सांगतात. तो खणखणीत आवाज रस्ता ओलांडून येतो. काकूचाही येतो, कारण त्या मोबाईलचा स्पीकर फाटलेला आहे.

"लागला."

"सेल्फ मारा."

"गेला... आला."

"पंख्याची हाय ती. सोडून द्या. दुसरी बघा."

"बघतो."

"थांबा. गिअर हालवला व्हता का?"

"हालवला की."

"मला आवाज न्हाई आला."

"माझ्या हातात बांगड्या हायेत का?"